दोष रोग्याच्या माथी : चंगाई सभा, खोटी शिकवण आणि मिरज-कोल्हापूरचा वारसा

रोग्यासाठी प्रार्थना करणे ही ख्रिस्ती मंडळीची पहिल्या शतकापासूनची रीत आहे आणि प्रस्तुत व्याख्यानाचा आक्षेप त्या रीतीवर नाही. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे आणि त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी असे सांगितले आहे; म्हणजे तेथे रोगी अंथरुणावर असतो, चालत यायचे असते ते वडिलांनी, आणि वडील हा शब्दही अनेकवचनी आहे, त्यामुळे एखाद्या असामान्य व्यक्तीच्या हाताचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. चिंतेचा विषय आहे तो याच्या अगदी उलट मांडणीचा. मैदानावर मंडप, उंच व्यासपीठ, प्रखर दिवे, सेवकाच्या छायाचित्राचे मोठे फलक, आणि त्या सेवकापर्यंत पोहोचण्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांच्या रांगा, असे स्वरूप असलेल्या मेळाव्यांना मराठी ख्रिस्ती बोलीत ‘चंगाई सभा’ म्हणतात. चंगाई हा शब्द हिंदीतून आलेला असून त्याचा अर्थ रोगमुक्ती असा आहे. अलीकडे यूट्यूबमुळे मंडपाचीही गरज उरलेली नाही. पंजाबातील किंवा अमेरिकेतील सभा कागल किंवा गडहिंग्लजच्या घरात रात्री दहा वाजता पाहता येते आणि पडद्यावर हात ठेवून प्रार्थना करा असे सांगितले की घरातली माणसे तसे करतात.

या सभांतून जी शिकवण दिली जाते तिचा गाभा असा : शरीराचे बरे होणे हा प्रत्येक विश्वासणाऱ्याचा हक्क ख्रिस्ताने क्रुसावर आधीच मिळवून ठेवला आहे, तो हक्क विशिष्ट अभिषिक्त सेवकाच्या, म्हणजे ज्याच्यावर पवित्र आत्म्याचे खास सामर्थ्य उतरले आहे असे मानले जाते त्याच्या, माध्यमातून पदरात पडतो, आणि कोणी बरे झाले नाही, तर उणीव त्या रोग्याच्या विश्वासात, त्याच्या गुप्त पापात किंवा त्याने हात आखडून दिलेल्या अर्पणात असते. या तीन विधानांपैकी पहिल्यावर धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी वाद घालावा आणि दुसऱ्याची इतिहासाने परीक्षा करावी. परंतु तिसरे विधान कर्करोगाने खंगलेल्या बाईला, तिच्या नवऱ्यासमोर आणि मुलांसमोर, तू बरी झाली नाहीस ती तुझ्यामुळे असे सांगते, आणि हे क्रौर्य आहे. चंगाईच्या शिकवणीची सगळी इमारत या तिसऱ्या विधानावर उभी आहे, कारण ते काढून घेतले तर प्रत्येक अपयशाचा जाब सेवकाला द्यावा लागेल. बरा झाला तर श्रेय व्यासपीठाचे आणि न झाला तर दोष रोग्याचा, असा हिशेब एकदा ठरला की कोणतीही सभा कधीच अयशस्वी होऊ शकत नाही.

या मांडणीचा उगम महाराष्ट्रात नाही. अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रतिपादन केले की माणूस मुखाने जे कबूल करतो ते त्याच्या वाट्याला येते. केनेथ हेगिन यांनी त्याच विचाराला ‘विश्वासाचे वचन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचे रूप दिले, आणि डी. आर. मॅक्कॉनेल या अभ्यासकाने १९८८ मध्ये हेगिन यांच्या पुस्तकांतील कितीतरी उतारे केन्यनच्या लेखनाशी शब्दशः जुळतात हे समोरासमोर ठेवून दाखवले. ओरल रॉबर्ट्स यांनी त्यात बीजाची कल्पना घातली : सेवाकार्याला दिलेले पैसे हे दान नसून पेरलेले बी आहे आणि देव त्याचे पीक आरोग्याच्या व संपत्तीच्या रूपाने देतो. या एकत्रित शिकवणीला ‘समृद्धीची सुवार्ता’ असे नाव पडले आहे. पेरणी आणि पीक ही भाषा शेतकऱ्याला परकी वाटत नाही, म्हणूनच ती पंचगंगेच्या काठी इतक्या सहज रुजते. मात्र ज्याने खरी पेरणी केली आहे त्याला हेही ठाऊक असते की चांगले बी पेरूनही पीक बुडते, आणि त्या वर्षी शेजारी येऊन तुझी श्रद्धा कमी पडली असे म्हणत नाहीत.

मुखाच्या कबुलीचा सिद्धान्त रोग्याच्या बाबतीत कसा काम करतो हे नीट पाहिले पाहिजे, कारण सर्वांत मोठी हानी तेथे होते. या शिकवणीनुसार ‘मला अजून खोकला आहे’ असे म्हणणे म्हणजे अविश्वास प्रकट करणे, गोळी घेणे म्हणजे देवाने दिलेल्या चंगाईवर शंका घेणे, आणि लक्षणे टिकून राहिली तर ती सैतानाने दाखवलेला भास समजून नाकारणे. क्षयरोगाचे उदाहरण घेतले तर धोका स्पष्ट होतो. क्षयाचा नेहमीचा औषधोपचार किमान ६ महिन्यांचा असतो, परंतु पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढू लागते आणि रोगी स्वतःला बरा समजू लागतो. नेमक्या त्या काळात तो सभेला गेला, व्यासपीठावरून त्याची चंगाई जाहीर झाली आणि त्याने गोळ्या सोडल्या, तर काही महिन्यांनी परतणारा क्षय औषधांना दाद न देणारा असण्याची शक्यता वाढते, आणि तो घरातल्या लेकरांनाही होऊ शकतो. इन्शुलिनवर जगणाऱ्या मधुमेही मुलाच्या बाबतीत हा अवधी महिन्यांचा नसून दिवसांचा असतो. फेफऱ्याच्या रोग्याने औषध एकाएकी थांबवले तर झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊ शकतो. सेवक स्वतः ‘औषध सोडा’ असे क्वचितच उघडपणे म्हणतो; म्हणण्याची गरज त्याला पडत नाही, कारण शेजारच्या बाईने व्यासपीठावर येऊन ‘मी गोळ्या फेकून दिल्या’ अशी साक्ष दिली आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या की तो उपदेश आपोआप झालेला असतो. साक्ष म्हणजे देवाने केलेल्या कृतीचे सार्वजनिक निवेदन. मंडळीच्या जीवनातील ही एक सुंदर प्रथा अशा ठिकाणी जाहिरात होऊन बसते.

व्यासपीठावर जे घडते ते सगळे ढोंगच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. गायन, गर्दी, तासन्‌तासांची अपेक्षा आणि भावनांचा उद्रेक यांमुळे वेदनेची जाणीव काही काळ खरोखर कमी होते. पाठदुखी, सांधेदुखी, दमा यांसारखे विकार मुळातच चढउतार होणारे असतात. आणि कोणीतरी आपल्या डोक्यावर हात ठेवून आपले नाव घेतले याचा दिलासा खोटा नसतो. प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो. विल्यम नोलन या अमेरिकन शल्यवैद्याने कॅथरिन कूलमन या विख्यात प्रचारिकेच्या सभेत बरे झाल्याचे सांगणाऱ्या २३ जणांचा नंतर पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांपैकी एकाचीही चमत्काराने रोगमुक्ती झाल्याचे आढळले नाही असे नोंदवले. मणक्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका स्त्रीने सभेत पाठीचा पट्टा काढून फेकला, ती व्यासपीठावर धावली, दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला आणि चार महिन्यांनी ती वारली. नोलन यांनी कूलमन यांना लबाड ठरवले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे; त्यांच्या मते त्या प्रामाणिक होत्या, पण वैद्यकाविषयी अनभिज्ञ होत्या. पीटर पॉपॉफ या अमेरिकन चंगाई-प्रचारकाचे प्रकरण निराळे होते. अनोळखी रोग्यांची नावे, पत्ते आणि आजार देवाने आपल्याला कळवले असे ते सांगत. १९८६ मध्ये जादूगार आणि चिकित्सक जेम्स रँडी यांनी त्यांच्या कानातील यंत्रावर त्यांच्या पत्नीकडून येणारा रेडिओ संदेश पकडून तो दूरचित्रवाणीवर ऐकवला, आणि सभेआधी भरून घेतलेल्या प्रार्थनापत्रिकांतील मजकूरच तेथे वाचला जात असल्याचे उघड झाले. प्रामाणिक भ्रम आणि ठरवून केलेली फसवणूक या दोहोंमध्ये नैतिक अंतर मोठे आहे, परंतु रोग्याच्या शरीराला ते अंतर कळत नाही.

भारतात या प्रकाराला जागतिक कीर्तीचे वलय लाभले ते अमेरिकन प्रचारक बेनी हिन यांच्या सभांमुळे. २००४ मध्ये मुंबईत आणि २००५ च्या जानेवारीत बंगळुरूमध्ये त्यांनी प्रचंड मेळावे घेतले आणि बंगळुरूच्या सभेच्या वेळी मोठा वाद उसळला. त्याच हिन यांनी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, ठरावीक रकमेच्या मोबदल्यात देवाच्या आशीर्वादाचे आश्वासन देणे चुकीचे आहे अशी जाहीर कबुली दिली, आणि त्यांचे पुतणे कॉस्टी हिन यांनी त्याच वर्षी त्या जगाच्या अंतरंगाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. मधल्या १५ वर्षांत त्या शिकवणीवर विसंबून ज्यांनी दागिने मोडले त्यांच्यापर्यंत ही कबुली पोहोचली का, हा प्रश्न मराठी मंडळ्यांनी कधी विचारलेला दिसत नाही. पंजाबातील बजिंदर सिंग या समाजमाध्यमांतून देशभर प्रसिद्ध झालेल्या पाळकाला २०१८ च्या बलात्काराच्या गुन्ह्यात मोहालीच्या न्यायालयाने २०२५ मध्ये जन्मठेप ठोठावली. हा गुन्हा चंगाईच्या दाव्याविषयीचा नव्हता. तरी ज्याला प्रश्न विचारणे म्हणजे देवाच्या अभिषिक्ताला हात लावणे असे अनुयायांना शिकवलेले असते, अशा माणसाविरुद्ध तक्रार घेऊन उभे राहणे एखाद्या स्त्रीला किती जड जात असेल, याचा विचार त्या निमित्ताने व्हायला हवा होता.

ज्या पवित्र शास्त्राचा आधार हे सेवक सांगतात त्याच शास्त्रात त्यांच्या शिकवणीचा निकाल लागलेला आहे. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनंती केली आणि तो काटा काढला गेला नाही. त्याचा सहकारी त्रफिम मिलेत येथे आजारी असल्यामुळे मागे राहिला. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी पौल त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा, म्हणजे त्या काळचे औषधच घेण्याचा, सल्ला देतो. आणि त्याच्या प्रवासातील सोबती लूक हा वैद्य होता. यांपैकी कोणाच्याही विश्वासावर पौलाने बोट ठेवलेले नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. रोग्याच्या माथी दोष मारण्याच्या प्रवृत्तीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे. पैशाविषयी तर दाखले दोन्ही करारांत आहेत : अलीशाने नामानाच्या कुष्ठशुद्धीचा मोबदला घेतला नाही, पण त्याचा चाकर गेहजी मागून धावत जाऊन रुपे आणि वस्त्रे घेऊन आला आणि तेच कुष्ठ त्याला जडले; आणि पेत्राकडे पवित्र आत्म्याचे सामर्थ्य विकत मागणाऱ्या शिमोन जादूगाराला कठोर शब्द ऐकावे लागले. याहूनही बोलका प्रसंग मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे. कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर येशू त्याला दोन गोष्टी सांगतो : कोणाला काही बोलू नकोस, आणि जाऊन याजकाला दाखव. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठ गेले की नाही हे तपासण्याचा अधिकार याजकाला होता. म्हणजे पडताळणी आधी, प्रसिद्धी नाही. आजच्या सभांमध्ये प्रसिद्धी त्याच मिनिटाला होते आणि पडताळणी कधीच होत नाही.

कोल्हापूरच्या मंडळीला हा विषय परका नाही, कारण या भूमीत ख्रिस्ती सेवेने रोगाशी झुंज देण्याचा एक संपूर्ण वेगळा मार्ग घालून दिलेला आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि शाळांपासून येथील अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले; पुढे त्या मिशनचेच डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले, त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली, कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाल्या, आणि कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालयही त्याच परंपरेतले आहे. मिरज हे आज दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते त्याचा पाया तेथे आहे. वानलेस हे धर्मप्रचारक होते, प्रार्थनेवर त्यांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाने त्यांच्या हातात शस्त्रक्रियेची सुरी दिली. मोतीबिंदूचा रोगी तेथे आला तर त्याच्या विश्वासाची मोजणी होत नसे, त्याच्या डोळ्याची तपासणी होत असे, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो. आणि जो वाचू शकला नाही त्याच्या मृत्यूचे कारण रोग म्हणून नोंदवले जात होते. चमत्काराच्या नावाखाली गोळ्या फेकायला लावणारी शिकवण जेव्हा याच मिरजेच्या परिसरातील ख्रिस्ती घरांत शिरते, तेव्हा ती घरे स्वतःच्या आजोबा-पणजोबांच्या श्रद्धेला पाठ दाखवत असतात.

तरीही लोक चंगाई सभांकडे का जातात याचे उत्तर त्यांच्या अज्ञानात शोधणे हा आळस आहे. खासगी रुग्णालयातील एका शस्त्रक्रियेत शेतमजुराच्या घराची अनेक वर्षांची कमाई जाते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरला रोग्याचे नाव विचारायलाही सवड नसते. आणि कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यावर घरी नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही. अशा वेळी कोणीतरी रात्रभर बसून प्रार्थना करतो, रडू देतो, आशा देतो. जुन्या, प्रतिष्ठित मंडळ्यांची उपासना रविवारी दीड तासात आटोपते आणि अंथरुणावरच्या सभासदाची विचारपूस करायला महिनोन्‌महिने कोणी जात नाही, ही वस्तुस्थिती असेल, तर चंगाई सभांना गर्दी पुरवण्याचे काम त्या मंडळ्यांनीही केले आहे. देवऋषी, अंगात येणे, उतारा यांच्या जगातून आलेल्या माणसाला रोगामागे दुष्ट आत्मा आहे हे स्पष्टीकरण आधीच ओळखीचे असते. चंगाईचा सेवक त्या भीतीतून त्याची सुटका करत नाही, तिला फक्त नवे नाव देतो.

कायद्याचा प्रश्न नाजूक आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे व लोकांना फसवणे, तसेच साप किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हे त्याने गुन्हे ठरवले, आणि शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या उपासनेला, मग ती मंदिरातली असो, दर्ग्यातली असो वा चर्चमधली, त्यातून वगळले. ती रेषा योग्य जागी आखलेली आहे. त्याआधीचा १९५४ चा जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा केंद्रीय कायदा मधुमेह, कर्करोग, फेफरे यांसारख्या रोगांवर अशा उपायांची जाहिरात करण्यास मनाई करतो, आणि चौकात लागणाऱ्या सर्वच धर्मांच्या फलकांना तो लागू करता येण्याजोगा आहे. परंतु आसामने २०२४ मध्ये जादुई उपचारांविरुद्ध कायदा केला तेव्हा तेथील ख्रिस्ती संघटनांनी रोग्यासाठी केलेल्या साध्या प्रार्थनेलाही गुन्हा ठरवले जाईल अशी भीती व्यक्त केली, आणि ती भीती निराधार म्हणता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातच, चंदगड तालुक्यातील कोवाड येथे डिसेंबर २०१८ मध्ये घरात चाललेल्या ख्रिस्ती प्रार्थनेवर तोंड झाकलेल्या टोळीने शस्त्रांसह हल्ला करून अनेकांना जखमी केले. ज्या कोल्हापूर शहरात विवेकवादी नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथे श्रद्धेची चिकित्सा आणि श्रद्धाळूंवरील हल्ला यांतला फरक सांगावा लागू नये. तरी सांगितला पाहिजे. खोट्या शिकवणीविरुद्ध बोलताना भेदरलेल्या अल्पसंख्य समाजाला आणखी एकटे पाडणारे शब्द वापरणाऱ्याने रोग्याची बाजू घेतलेली नसते. म्हणूनच हे काम प्रथम मंडळीचे आहे, आणि बाहेरच्यांना बोट दाखवायला निमित्त मिळेल या भयाने मंडळीने गप्प बसणे हा त्या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे.

त्या कामासाठी साधने नव्याने घडवण्याची गरज नाही. फ्रान्समधील लूर्द या तीर्थस्थानी १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथे बरे झाल्याचा दावा करणाऱ्यांची कागदपत्रे डॉक्टर वर्षानुवर्षे तपासतात, आणि लाखो यात्रेकरूंमधून कॅथलिक चर्चने आजवर मान्य केलेल्या घटना ७० च्या आसपासच आहेत. व्हॅटिकनने २००० च्या सप्टेंबरात काढलेल्या सूचनापत्रात आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांत उन्माद, कृत्रिमपणा आणि नाटकीपणा यांना थारा देऊ नये असे बजावले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या केप टाउन येथील २०१० च्या जागतिक परिषदेने समृद्धीच्या सुवार्तेचा स्पष्ट अव्हेर केला. हे दस्तऐवज मराठीत आणून रविवारच्या व्यासपीठावरून समजावून सांगणे, बाहेरच्या वक्त्याला मैदान देण्याआधी त्याच्या संस्थेचा हिशेब मागणे, साक्ष देऊ इच्छिणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवून सहा महिने थांबायला सांगणे, आणि प्रार्थनेनंतर पाळकाने रोग्याच्या गोळ्यांची पाकिटे उघडून पाहणे, एवढे कोणत्याही मंडळीच्या आवाक्यात आहे. त्याहून अवघड आहे ते बरे न होणाऱ्यांना मंडळीत सन्मानाची जागा देणे.

अशी जागा मराठी ख्रिस्ती इतिहासात एका स्त्रीने स्वतः भूषवलेली आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने इंग्लंडला गेल्या, पण वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग त्यांना बंद झाला. पुढे १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण घडले त्याची दखल जगभरच्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, चळवळीच्या इतिहासात आजही आदराने घेतली जाते; चंगाईचे सेवक ज्या परंपरेचे नाव सांगतात तिच्या उगमांपैकी तो एक आहे. त्या जागरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या रमाबाईंचे कान त्यानंतरही बरे झाले नाहीत, १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्याआधी गेली, आणि त्यांच्या विश्वासात काही कमी होते असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या ऐकू येत नसतानाही करत राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवण्याच्या थोडेच आधी त्यांनी ते हातावेगळे केले.